जाळी अंथरण्याआधी पान उलटून बघा

प्रश्न : आमच्या घरामागे परसात तीन-चार वाफे आहेत. गेल्या हिवाळ्यात कोबी आणि फ्लॉवर लावला होता. पानांची चाळण झाली, आणि गड्डे कापले तर आत अळ्या नि त्यांची घाण. रोज सकाळी पांढरी-पिवळी फुलपाखरं वाफ्यावर भिरभिरताना दिसायची. कृषी सेवा केंद्रातून औषध आणून दोनदा फवारलं, फरक पडला नाही. घरच्या खाण्याच्या भाजीवर पुन्हा विष मारायला मन धजत नाही, म्हणून यंदा जाळी टाकायची ठरवलं आहे. सासूबाई म्हणतात जुन्या साड्या टाक, यजमान म्हणतात हिरवी शेडनेट आणू, घरात एक जुनी मच्छरदाणीही आहे. नेमकं काय टाकू? लिंबाचं रोप आणि कढीपत्ताही दरवर्षी फुलपाखराच्या अळ्या फस्त करतात, तेही झाकू का? पाचवीतली मुलगी मात्र फुलपाखरांना अडवायचं नाही म्हणून हटून बसली आहे.
एक वाचक, कोरेगाव, जि. सातारा

उत्तर :

ताई,

जाळीचा विचार अगदी योग्य आहे, आणि रोपं लावायच्या आधी विचारलंत हे फार बरं झालं. जाळी उपयोगी पडणार की नाही, हे रोप लावल्याच्या पहिल्या संध्याकाळीच ठरतं. पण बाजारात जाण्याआधी एक सांगते. सकाळी वाफ्यावर जी फुलपाखरं तुम्हाला दिसतात, त्यांनी तुमचा कोबी खाल्लेला नसावा.

आपल्याकडे ऊन चढल्यावर परसात बागडणारी पांढरी-पिवळी फुलपाखरं अंडी घालायला बहुतेक दुसरीकडेच जातात. कुणी बहाव्यावर, कुणी बांधावरच्या टाकळ्यावर, कुणी वाघाटीच्या वेलावर, तर कुणी आंब्यावर वाढलेल्या बांडगुळावर. तुमच्या वाफ्यात ती येतात फुलातला मध प्यायला, नाहीतर पाणी दिल्यावर ओल्या मातीवर बसायला. कोबी खाणारं पांढरं फुलपाखरू आपल्या देशात आहे, पण त्याचा खरा जाच हिमालयाच्या पट्ट्यात आणि थंडीत उत्तरेकडच्या मैदानात. युरोपात तर घरगुती कोबीचा तोच पहिला शत्रू. त्यामुळे इंटरनेटवर जाळीबद्दल जो सल्ला सापडतो, तो बहुतेक त्या फुलपाखराच्या मापाने दिलेला असतो. सात मिलिमीटरचं भोक असलेली जाळी पुरते, असं तिथे लिहिलेलं आढळेल. तिथे ती पुरतेही. कोरेगावात तीच जाळी टाकलीत, तर तुमचा चोर तिच्यातून आरामात आत शिरेल.

हा चोर म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग. शेतकरी त्याला डायमंड बॅक मॉथ किंवा नुसतं डीबीएम म्हणतात. पंख मिटून बसला की जेमतेम आठ-दहा मिलिमीटर लांब, राखाडी-तपकिरी, आणि पाठीवर फिकट चौकटींची रांग. दिवसा तो पानाच्या आडोशाला चिकटून असतो, त्यामुळे नजरेला पडत नाही. दिवेलागणीला उडायला लागतो आणि मादी पानाच्या खालच्या बाजूला, शिरेला लागून, एकेक किंवा दोन-तीन अशी पिवळसर अंडी घालते. अंडं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, चष्मा लावूनही चटकन दिसत नाही.

म्हणून पुढच्या वेळी नुकसान दिसलं की एक पान हलकेच उलटून बघा. पानाला कडेपर्यंत आरपार भोकं असण्याऐवजी लहान लहान पांढुरक्या चकत्या दिसल्या, खालचा गर खाल्लेला आणि वरचा कागदासारखा पातळ पापुद्रा तसाच शिल्लक, तर तो याच पतंगाच्या अळीचा उद्योग. पापुद्रा पुढे फाटतो आणि मग भोक दिसतं. खात्री करायची असेल तर त्या हिरव्या, दोन्ही टोकांना निमुळत्या अळीला गवताच्या काडीने स्पर्श करा. ती जोराजोरात वळवळत मागे सरकते आणि पानाच्या कडेवरून बारीक धाग्याला लटकून खाली उतरते. थोडा वेळ थांबलात, तर त्याच धाग्यावरून पुन्हा वर चढतानाही दिसेल. तुमच्या मुलीला हे जरूर दाखवा. जवळच कुठेतरी पानाला चिकटलेला, जाळीदार पांढरा छोटा कोषही सापडेल.

दुसरी अळी आहे पानं खाणारी, जी तंबाखूपासून सोयाबीनपर्यंत सगळ्यावर चालते. तिची मादी अंडी पुंजक्याने घालते, एका पुंजक्यात शंभरावर असतात, आणि वर स्वतःच्या अंगावरची तपकिरी लव पसरते. पानावर मखमली तपकिरी डाग दिसला तर तो हाच पुंजका. तेवढं पान खुडून साबणाच्या पाण्यात बुडवलं की शंभर अळ्यांचा प्रश्न एका क्षणात मिटतो, यासारखं स्वस्त औषध कुठलंच नाही. गड्डा पोखरून आत घाण करणाऱ्या अळ्यांत ही बऱ्याचदा असते. तिसरी, गड्डा पोखरणारी अळी, रोप लहान असतानाच मधला कोंब खाते. मग एका मोठ्या गड्ड्याऐवजी बाजूने तीन-चार गोट्या फुटतात. गेल्या वर्षी असं एखादं रोप झालं होतं का, आठवून बघा.

या तिघीही पतंगांच्या अळ्या, आणि त्यांच्या माद्या संध्याकाळनंतर फिरतात. तुम्ही सकाळी ज्यांच्यावर पहारा ठेवत होतात, त्यांचा यात काही संबंध नाही.

औषधाचा उपयोग का झाला नाही, तेही यातूनच कळेल. चौकोनी ठिपक्यांचा पतंग औषधं पचवण्यात जगभर कुप्रसिद्ध आहे. 1953 साली इंडोनेशियातल्या जावा बेटावर तो डीडीटीला दाद देत नसल्याची नोंद झाली, आणि तेव्हापासून एकामागून एक औषधं त्याने निकामी केली आहेत. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत त्याची एक पिढी पुरी होते, म्हणून एकाच हंगामात कोबीवर अनेक पिढ्या निघतात आणि औषधातून वाचलेल्यांचीच प्रजा वाढत जाते. त्यात कोबीचं पान मेणचट, वरून मारलेलं पाणी ओघळून जातं, आणि अळी असते पानाखाली. दुकानदाराने चुकीचं दिलं किंवा तुम्ही चुकीचं मारलं, असं मनाला लावून घेऊ नका.

आता जाळी. घरात सुचवलेल्या प्रत्येक गोष्टीबद्दल वेगवेगळं सांगते.

सासूबाईंची साडी रोप लावल्यावर पहिले तीन-चार दिवस दुपारच्या उन्हापासून सावली द्यायला उत्तम. पण सुती साडी कायमची टाकली तर उजेड अडतो, दवाने ओली होऊन पानांवर बसते आणि खाली हवा खेळत नाही. नेटची साडी असेल, म्हणजे जिच्यातून हात स्पष्ट दिसतो अशी, तर ती जाळी म्हणून जरूर वापरा. जर आणि टिकल्या मात्र आधी काढून टाका.

हिरवी शेडनेट नको. पन्नास टक्क्यांची शेडनेट म्हणजे निम्मं ऊन गेलं. कोबी-फ्लॉवरला हिवाळ्यात दिवसभराचं ऊन हवं असतं. सावलीत रोप लांबट होतं आणि गड्डा घट्ट भरत नाही. शिवाय तिची वीण पतंगाला अडवण्यासाठी केलेलीच नसते. यजमानांना सांगा, ती उन्हाळ्यात कोथिंबिरीवर कामी येईल.

मच्छरदाणी चालते, आणि चांगली चालते. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशात कोबीच्या वाफ्यांवर मच्छरदाणीच्या जाळीचे प्रयोग झाले आहेत. संध्याकाळी झाकायची आणि सकाळी काढायची, अशा पद्धतीनेही तिथे हा पतंग आटोक्यात आला. मात्र दोन गोष्टी तपासा. सरकारी योजनेत मिळालेली, कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी भाजीवर अजिबात टाकायची नाही. आणि साधी मच्छरदाणी उन्हाला टिकत नाही, हंगामभरात विरायला लागते. तुमची जुनी मच्छरदाणी मी रोपवाटिकेसाठी राखून ठेवीन, त्याबद्दल पुढे लिहिते.

वाफ्यासाठी विकत घ्यायची ती पांढरी कीटकरोधक जाळी. दुकानात 'इन्सेक्ट नेट' म्हणून मागा आणि 40 मेशची द्या म्हणून सांगा. 40 मेश म्हणजे एका इंचात चाळीस घरं. धाग्याची जाडी सोडली तर भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. पतंग तर सोडाच, बरीचशी पांढरी माशीही त्यातून अडते. त्याहून बारीक, 50 मेशची, फुलकिड्यांसाठी असते. कोबीला तिची गरज नाही आणि तिच्याखाली हवा आणखी कोंडते. अतिनील किरणांना टिकणारी आहे ना, हे विचारून घ्या. तशी असेल आणि नीट वापरली, तर तीन-चार हंगाम जाते.

अजून एक पर्याय तुमच्या भागातल्या शेतकऱ्यांकडे पाहिला असेल : कलिंगड, खरबूज, मिरचीच्या रोपांवर बोगद्यासारखं पांढरं क्रॉप कव्हर टाकतात, ते. न विणलेलं, हलकं कापड असतं, बहुतेकदा 17 जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला 17 ग्रॅम वजनाचं. स्वस्त पडतं आणि पहिल्या महिन्यासाठी छान. पण ते लवकर फाटतं, आणि कोबीला गड्डा भरेपर्यंत म्हणजे तीनेक महिने संरक्षण लागतं. शेजारी कुणाकडे उरलेला तुकडा असेल तर सुरुवातीला तो वापरा. नवं घेणार असाल, तर जाळीवरच पैसे घाला.

माप कसं काढायचं? समजा वाफा तीन फूट रुंद आणि दहा फूट लांब आहे. त्यात दीड-दीड फुटांवर कोबीच्या दोन ओळी बसतात. वर दोन फूट उंचीची कमान हवी. अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे साडेसात फुटांचे चार तुकडे घ्या. दोन्ही टोकं फूटभर मातीत खोचली की वर साधारण एवढीच कमान उरते. चार कमानी सव्वातीन फुटांच्या अंतराने बसतील. पाइप नसेल तर बांबूच्या कामट्या वाकवा, फक्त त्यांची कुसं तासून घ्या, नाहीतर जाळीला पहिल्याच आठवड्यात भोक पडेल. कमानींच्या माथ्यावरून एक सुतळी ताणून बांधली की जाळी मध्ये झोळ घेत नाही. जाळीची रुंदी कमानीचे साडेपाच फूट अधिक दोन्ही बाजूंना दाबायला एकेक फूट, म्हणजे साडेसात ते आठ फूट. लांबी दहा फूट, दोन्ही तोंडांना उतरायला दोन-दोन फूट आणि दाबायला एकेक, अशी सोळा फूट. दुकानात जाताना हा हिशेब कागदावर लिहून न्या. जाळी आखूड पडली की माणूस कडा दाबण्यातच काटकसर करतो, आणि पतंग तिथूनच शिरतो.

कडा हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहिते. विटा ठेवून जाळी दाबली की झालं, असं वाटतं. पण दोन विटांच्या मधे वाऱ्याने जाळी उचलते आणि बोटभर फट राहते. वाफ्याच्या दोन्ही लांब बाजूंना वीतभर खोल चर काढा, जाळीची कड त्यात सोडा आणि माती ओढून पायाने दाबा. एका आखूड तोंडाला मात्र माती घालू नका. तिथे जाळीची शेपटी गोळा करून एका दांडक्याभोवती गुंडाळा आणि वर दोन जड दगड ठेवा. रोज आत हात घालायला तेच दार. दार उघडायचं ते सकाळी ऊन आल्यावर, सूर्यास्ताच्या सुमाराला कधीच नाही. तिन्हीसांजेला पाणी द्यायची सवय असेल तर ती सकाळी आणा. त्याने पानंही लवकर सुकतील आणि घाण्या नावाच्या, पानं कुजवणाऱ्या रोगाला वाव कमी मिळेल.

पान जाळीला टेकता कामा नये. टेकलं की मादी बाहेर बसून भोकातून थेट पानावर अंडी घालू शकते. काही माद्या तर जाळीच्या कापडावरच पुंजका घालतात. त्यातून निघालेली अळी इतकी बारीक असते की जाळी तिला अडवत नाही. म्हणून कमान दोन फुटांची सांगितली, आणि म्हणूनच आठवड्यातून एकदा जाळीवर बाहेरून हात फिरवा. तपकिरी मखमली पुंजका दिसला तर ओल्या फडक्याने पुसून काढा.

आता जाळीचा धोकाही ऐका. जाळी बाहेरच्या मादीला अडवते, पण किडा आधीच आत असेल तर त्याच जाळीखाली तो सुरक्षित होतो. पक्षी येत नाहीत, गांधीलमाश्या येत नाहीत, अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक परजीवी माश्या येत नाहीत. किडा आत शिरायच्या दोन वाटा आहेत.

पहिली वाट मातीतून. पानं खाणारी अळी जमिनीत जाऊन कोष करते. गेल्या वर्षीच्या कोबीच्या जागीच यंदा कोबी लावलात आणि वर जाळी ओढलीत, तर मातीतून निघालेले पतंग आत कोंडले जातील आणि तिथल्या तिथे अंडी घालतील. म्हणून वाफा बदला. जिथे गेल्या हंगामात मेथी, पालक, कांदा, लसूण असं काही होतं, तिथे यंदा कोबी घ्या. जागा बदलणं शक्यच नसेल, तर आत्ताच वाफा वीतभर खणून, ढेकळं उलटी करून ऊन खाऊ द्या. खणताना लालसर तपकिरी, गुळगुळीत कोष सापडतील. ते वेचून कोंबड्यांपुढे टाका, किंवा साळुंक्यांना दिसतील असे उघड्यावर ठेवा.

दुसरी वाट रोपांतून. बाजारातून आणलेल्या रोपांच्या पानाखाली अंडी किंवा चुकार अळी असली, तर तुम्ही स्वतःच्या हाताने चोर घरात आणता. तुमची मच्छरदाणी इथे कामी येईल. रोपं घरीच करा. ट्रेमध्ये किंवा जुन्या खोक्यात कोकोपीट आणि शेणखत घालून बी पेरा, वर चार काठ्या रोवून मच्छरदाणी सोडा आणि तिचा घोळ ट्रेखाली खोचा. चार-पाच आठवड्यांत रोप लावण्याजोगं होतं. सप्टेंबरच्या शेवटी बी टाकलंत तर ऑक्टोबरच्या अखेरीस, पाऊस सरल्यावर, लागण होईल. रोपं विकतच घ्यायची असतील तर प्रत्येक रोपाचं प्रत्येक पान उलटून बघा. वीस रोपांना अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास सगळा हंगाम वाचवतो.

लागण सकाळी करू नका, चार-साडेचारला करा. रोपांना उन्हाचा तडाखा बसत नाही. मात्र अंधार पडायच्या आत जाळी दाबून झाली पाहिजे. 'उद्या सकाळी टाकू' म्हटलं की पहिली अंडी त्याच रात्री पडतात. त्यामुळे कमानी आदल्या दिवशीच उभ्या करून ठेवा, तण काढून घ्या, ठिबकची नळी अंथरून ठेवा. तुमच्याकडे उसाचं पाचट भरपूर असेल. ते बारीक करून वाफ्यावर पसरा, म्हणजे खुरपणीसाठी जाळी वारंवार उघडावी लागणार नाही.

त्यानंतर दर चार-पाच दिवसांनी दार उघडून आत बघायचं. पांढुरक्या चकत्या दिसल्या तर पान उलटा, अळी चिमटीत धरून काढा. दोन-तीन रोपांवर दिसायला लागल्या, तर संध्याकाळी जाळीच्या वरूनच निंबोळी अर्क फवारा. लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, त्यात साबणाचं थोडं पाणी घाला की ते मेणचट पानाला धरतं. अर्क ताजाच वापरा. अळ्या लहान असताना बीटी जिवाणूची भुकटीही लागू पडते, प्रमाण पाकिटावर असेल तेच ठेवा.

मावा मात्र जाळीखाली हमखास वाढतो. तो इतका बारीक असतो की कुठूनतरी शिरतोच, आणि त्याला खाणारे ढालकिडे बाहेर राहतात. कोबीच्या मधल्या पानांत राखी-हिरवी पिठूळ दाटी दिसली, तर पाण्याची बारीक धार मारून ती धुऊन काढा. मग दोन-तीन सकाळी, आठ ते चारपर्यंत, जाळीचं तोंड पूर्ण उघडं ठेवा. दिवसा पतंग फिरत नाहीत आणि ढालकिड्यांना आत यायला वाट मिळते. त्या वेळी तुमची पांढरी-पिवळी फुलपाखरंही आत येतील. येऊ द्या.

मोहरीचा एक उपाय जाळीच्या जोडीला करण्यासारखा आहे. या पतंगाला कोबीपेक्षा मोहरी जास्त आवडते. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने शेतकऱ्यांसाठी तशी पद्धतच बसवली आहे. कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीची जोडओळ घ्यायची, त्यातली एक ओळ लागणीच्या पंधरा दिवस आधी पेरायची आणि दुसरी लागणीनंतर पंचवीस दिवसांनी. परसात पंचवीस ओळी कुठून येणार? तुम्ही जाळीच्या बाहेर, दोन पावलं अंतरावर, मूठभर मोहरी याच दोन हप्त्यांत टाका. तिच्यावर अंडी-अळ्या जमतील, तेवढीच झाडं अधूनमधून उपटून साबणाच्या पाण्यात बुडवा. फक्त ती विसरू नका. विसरलात तर त्याच मोहरीवरून पतंगांची पुढची पिढी निघेल.

जाळी कधी काढायची? कोबी-फ्लॉवरचं आपण पान आणि फुलोऱ्याचा गड्डा खातो, फळ धरायचं नसतं. त्यामुळे मधमाशीची गरज नाही आणि काढणीपर्यंत जाळी राहिली तरी चालते. मुळा, पालक, लाल माठ यांचंही तसंच. काकडी, दोडका, भोपळा, कारलं मात्र जाळीत कोंडू नका. मादी फुलं दिसू लागली की जाळी काढलीच पाहिजे, नाहीतर वेल भरगच्च आणि फळ एकही नाही. वांग्याला शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीसाठी जाळी उपयोगी पडते. वांग्याचं फूल आपल्याच परागावर धरतं, रोज सकाळी फांद्या हलक्या हाताने हलवल्या की झालं.

आता लिंबू आणि कढीपत्ता, आणि लेकीचं म्हणणं. इथे तुमची अळी खरोखरच फुलपाखराची आहे. लिंबावर आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, मोठी झाल्यावर हिरवीगार होणारी, आणि डिवचलं की डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडणारी अळी म्हणजे लिंबावरचं फुलपाखरू. कढीपत्त्यावर त्याचीच भावंडं येतात. महाराष्ट्राने 2015 साली ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, तो निळा मोठा ब्ल्यू मॉरमॉन, म्हणजे आपलं नीलवंत, त्याच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. देशात राज्य फुलपाखरू जाहीर करणारं पहिलं राज्य आपलं. त्यामुळे मुलीचा हट्ट मला अगदी रास्त वाटतो, आणि तो तुम्ही मोडू नये असं मनापासून वाटतं.

लिंबाचं रोप गुडघ्याएवढं असेल, तर पहिली दोन वर्षं त्याला जपायला हवं, कारण चार-पाच अळ्या एवढ्याशा रोपाची सगळी पालवी संपवतात. नवी पालवी फुटली की रोपाभोवती तीन काठ्या रोवून उरलेल्या जाळीची पिशवी वरून घाला आणि खाली बुंध्याशी बांधा. पालवी जून झाली, पान गर्द आणि जाड झालं, की पिशवी काढा. मादीला कोवळंच पान हवं असतं. झाड डोक्याच्या वर गेलं की काहीही करू नका. मोठं लिंबाचं झाड दहा-वीस अळ्या सहज पोसतं आणि लिंबांत काही फरक पडत नाही. कढीपत्ता तर खाल्ल्यावर आणखी फुटतो. त्याला झाकूच नका. लिंबाच्या रोपावर सापडलेल्या अळ्या मुलीने हलक्या हाताने, पानासकट, कढीपत्त्यावर नेऊन ठेवल्या तर त्यातल्या बऱ्याच तिथे जगतील. दोन्ही झाडं एकाच कुळातली आहेत.

एका बाबतीत तिचं ऐकाच. पक्ष्यांपासून राखण म्हणून काही जण वाफ्यावर नायलॉनची मोठ्या घरांची सैल जाळी किंवा मासेमारीचं जुनं जाळं टाकतात. पतंग तर त्यातून जातोच, वर सरडे, शिंपी, बुलबुल, धामण त्यात अडकून तडफडतात. धामण उंदीर खाते, परसात तिच्यासारखा राखणदार नाही. तसलं जाळं घरात असेल तर ते वाफ्यावर आणूच नका. 40 मेशची जाळी ताणून बसवली की तिच्यात कुणाचा पाय अडकत नाही.

फेब्रुवारीत शेवटचा गड्डा निघाला की जाळी तशीच उन्हात सोडू नका. मार्च-एप्रिलचं ऊन तिला हंगामभराच्या वापरापेक्षा जास्त झिजवतं. साध्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, भोकं पडली असतील तर सुई-दोऱ्याने त्यावर जाळीचंच ठिगळ लावा आणि उंदीर पोचणार नाहीत अशा पिंपात गुंडाळून ठेवा. कोबीचे उरलेले बुंधे वाफ्यात राहू देऊ नका. त्यांना पुन्हा फुटवे येतात आणि पतंगाला उन्हाळाभर आसरा मिळतो.

लागणीनंतर आठ-दहा दिवसांत जाळीच्या आत चकत्या दिसल्या, तर कीड रोपांबरोबर आली असं समजा. महिन्या-दीड महिन्याने एकदम दिसल्या, तर आधी कडा तपासा, विशेषतः रोजच्या वापराचं तोंड. तरीही उलगडा झाला नाही, तर उलटलेल्या पानाचा फोटो काढून मला पाठवा. अळी आणि चकती दोन्ही स्पष्ट दिसतील असा, सकाळच्या उजेडात काढलेला. नेमकी कुठली अळी आहे, ते त्यावरून सांगता येईल.